मिस्त्रींचा खुबा आणि बाईंची फरशी

शिवणाच्या बाईंच्या बैठकीच्या खोलीत फरशीखाली सोन्याचा डबा निघाला आणि तो फरशीवाल्या मिस्त्रींनी गुपचूप लांबवला, असं आमच्या गल्लीत एके काळी बोललं जायचं. मोठ्याने कोणी बोलत नसे. दुधाची पिशवी घेता घेता, इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या तपासता तपासता, मान जरा तिरकी करून, "तुम्हाला म्हणून सांगतो" अशी सुरुवात करून. आणि पुरावाही काही कच्चा नव्हता. ते घर बाईंच्या आधी एका सराफाचं होतं. मिस्त्रींनी तिथे घातलेली नवीकोरी फरशी आपल्याच हाताने उखडली होती, एकदा नाही, दोनदा. वर वर्षाच्या आत त्यांनी चांगल्या दवाखान्यात एवढं मोठं ऑपरेशन करून घेतलं. खोटं कशाला बोलू, या वावडीला चार ठिकाणी मीही तिखटमीठ लावलं आहे.

आता माणूस कसा होता ते सांगतो. अडतीस वर्षं मिस्त्रींनी दुसरं काहीही केलं नाही, फक्त फरशा बसवल्या. गुडघ्यांना जाड रबराचे तुकडे बांधायचे, कोपऱ्यापासून दोरी ताणायची, सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने दोन टोले द्यायचे आणि वर पाणसळ ठेवायची. पाणसळ म्हणजे ती लांब पट्टी, जिच्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. बुडबुडा बरोबर मधे आला की मिस्त्रींचा चेहरा असा व्हायचा, जणू मुलीचं लग्न जमलं. यावरून गल्लीने त्यांचं नाव 'बुडबुडा' ठेवलं होतं. तोंडावर सगळे मिस्त्री म्हणत. पाठीमागे त्यांची बायकोसुद्धा बुडबुडा म्हणायची, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काम संपलं की त्यांची एक रीत होती. घरमालकाला दारात उभं करायचं, चपला काढायच्या, डोळे मिटायचे आणि अनवाणी त्या फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जायचं. परत यायचं. मग डोळे उघडून म्हणायचं, "पास." ते म्हणेपर्यंत त्या खोलीत खुर्चीदेखील आत आणायची नाही. एकदा एका वकिलाने आधीच कपाट आत आणलं, तर मिस्त्रींनी त्याला आख्ख्या बिऱ्हाडासमोर कपाट उचलायला लावलं होतं. "बुडबुडा डोळ्यांना सांगतो," ते म्हणत, "तळव्यांना मी विचारतो. दोघांचं एकमत झालं की मगच काम झालं." आणि अडतीस वर्षांत बुडबुडा आणि तळवे यांचं कधी भांडण झालं नव्हतं.

उजवा गुडघा मात्र सहा वर्षांपासून कुरकुरत होता. यात कोणालाच नवल वाटलं नाही. जन्मभर गुडघ्यांवर रांगलेल्या माणसाचा गुडघा नाही दुखणार तर काय कान दुखणार? गल्लीत ज्याला त्याला गुडघ्यावरचं औषध माहीत होतं. कोणी तेल दिलं, कोणी पट्टा दिला, कोणी गरम वीट फडक्यात गुंडाळून शेकायला सांगितलं. मिस्त्रींची बायको रोज संध्याकाळी गुडघा चोळायची आणि चोळता चोळता त्यांचा उद्धार करायची. तिचा भाऊ, म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा, फरशीला यंत्राने पॉलिश करायचा. त्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नसे, मग बातमी कुठली राहणार! तो म्हणायचा, "भाऊजी, तुमच्या गुडघ्याला एकदा माझं यंत्र फिरवू का? आरशासारखा होईल." हळूहळू मिस्त्री चालताना उजवीकडे झुकायला लागले. मोजे घालणं त्यांनी सोडून दिलं. थंडी वाजत नाही म्हणाले. खरं कारण असं, की वाकून अंगठ्यापर्यंत हात पोचत नव्हता.

त्याच सुमारास शिवणाच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी सराफाचं घर घेतलं. बैठकीच्या खोलीतली जुनी फरशी फुटली होती. काम साहजिकच मिस्त्रींकडे आलं. आठ दिवस खपून त्यांनी फरशी घातली. बुडबुडा प्रत्येक ठिकाणी मधे. बाई दारात उभ्या राहिल्या, मी आणि मेहुणा खिडकीत. मिस्त्रींनी चपला काढल्या, डोळे मिटले, चालायला लागले आणि खोलीच्या मध्यावर थांबले.

"उजवीकडे उतार आहे," ते म्हणाले.

पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे. दुकानातून नवी पाणसळ आणली. मधे. मग पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या दोन टोकांना धरलं. पाण्याची रेघ दोन्हीकडे सारखी. पुन्हा डोळे मिटून चालले. उतार. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मला तर काही जाणवत नाही." मिस्त्री म्हणाले, "तुम्हाला जाणवायचं असतं तर मी कशाला लागलो असतो?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी घेऊन त्यांनी उजवीकडच्या ओळी उखडायला सुरुवात केली.

तळव्यांवर भरवसा ठेवून त्यांनी उजवी बाजू बोटभर उचलून घेतली. मग चालून बघितलं. सपाट! "पास," म्हणाले. चार दिवसांनी बाईंनी खोली पुसायला पाणी टाकलं, तर सगळं पाणी ओढा वाहावा तसं डावीकडे, थेट कपाटाखाली. बाईंनी मिस्त्रींना बोलावलं नाही, भल्या बाई. पण पॉलिशवाल्याने ते पाहिलं, म्हणजे बोलावण्याची गरजच राहिली नाही. मिस्त्री आले, पाण्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा छिन्नी काढली. या वेळी फक्त बुडबुड्याला विचारलं. काम झाल्यावर चपला काढल्याच नाहीत. न चालताच निघून गेले. अडतीस वर्षांत परीक्षा न दिलेली अशी ही एकच फरशी.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

चेष्टेत म्हणाली हो. पण मिस्त्री जेवणावरून उठले. त्यानंतर त्यांनी आलेलं प्रत्येक काम परत पाठवलं. "तळवे गेले माझे," एवढंच बायकोला म्हणायचे, बाहेर कोणाला नाही. ज्याला उतार आणि सपाट यातला फरक कळत नाही तो कसला मिस्त्री? बाहेर गल्लीत डब्याची गोष्ट तेव्हाच अंकुरली होती. पॉलिशवाला ती दारोदार वाटत होता, आणि लोक मिस्त्रींच्या बंद दाराकडे बघून म्हणत होते, "आता कशाला करील तो काम?" सराफाचा एक पुतण्या बाईंकडे येऊन खोलीच्या कोपऱ्यांकडे बघत अर्धा तास बसून गेला. बाईंनी त्याला चहा दिला आणि शर्टाचं तुटलेलं बटण लावून परत पाठवलं.

बाईंनी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेलं. त्यांचा डोळा माणसाकडे जायच्या आधी शिवणीकडे जायचा. एके दिवशी त्या मिस्त्रींच्या घरी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या पँटींकडे बघत राहिल्या.

"मिस्त्री, तुमच्या पँटीची उजवी मोहरी टाचेखाली येऊन विरलीय. डावी कोरी आहे."

"शिंपी आंधळा आहे."

"चार पँटी आहेत. चारही उजवीकडेच विरल्यात. एकच शिंपी का?"

"नाही. दोन त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या, दोन तयार."

"मग ते सगळे आंधळे एका आईचे असतील." बाई उठल्या. "पँटी द्या, मी नीट करून देते. तुम्हाला नीट करणं माझ्या मशीनवर व्हायचं नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जा."

बायकोने दुसऱ्याच दिवशी त्यांना धरून नेलं. हाडांच्या डॉक्टर म्हणजे तिशी-पस्तिशीची बाई, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. मिस्त्रींनी आत शिरताच उजवा गुडघा पुढे केला. डॉक्टरने तो वाकवला, सरळ केला, दाबला. मिस्त्री गप्प. मग तिने मांडी वर धरून पाऊल बाहेरच्या बाजूला वळवलं, तशी मिस्त्रींनी अशी बोंब ठोकली की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले.

एक्स-रेचे फोटो काढले. गुडघे थोडे झिजलेले, पण काम चालवून नेतील असे. आणि उजवा खुबा! मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो, तिथली मऊ गादी पार संपलेली. गोळा चपटा झालेला, हाडावर हाड घासत होतं.

"काका, झिजलाय खुबा. ओरडतोय गुडघा," डॉक्टर म्हणाली. "असं होतं पुष्कळदा. तुमचा धंदा ऐकून सगळ्यांनी गुडघाच धरला. किती वर्षं तेल लावताय?"

"सहा."

"काही कमी झालं?"

"तेल?" मिस्त्रींची बायको म्हणाली. "तेल कमी झालं की. डबे संपले."

मग डॉक्टरने मिस्त्रींना अनवाणी उभं केलं. कपाटातून पाव इंच जाडीच्या लाकडी फळ्या काढल्या आणि एकेक करून त्यांच्या उजव्या पावलाखाली सरकवायला लागली. मागून कमरेवर हात ठेवून बघत होती. एक फळी, दोन, तीन. तिसरीला म्हणाली, "हं. आता कंबर सरळ झाली. हाड झिजून खाली बसलं ना, पाय आखूड झालाय."

"याला आमच्यात पॅकिंग म्हणतात," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले.

"डॉक्टर, ही तुमची फरशी सपाट आहे?"

"असेल की."

"आहे," मिस्त्री म्हणाले. "आत्ता आहे."

बायको सांगते, त्या वेळी त्यांचा आवाज भरून आला होता. मिस्त्री सांगतात, तिथे औषधाचा वास फार होता.

इथे तुम्हाला वाटेल, आता माणूस आनंदाने ऑपरेशनला आडवा झाला असेल. छे! मिस्त्रींनी डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला, "मी पुन्हा गुडघे टेकू शकेन का?" ती म्हणाली, "शब्द देत नाही. मांडी घालून, उकिडवं बसून काम, ते विसरा. चार-पाच महिन्यांनी आधाराला खुर्ची धरून, खाली उशी घेऊन उजवा गुडघा टेकता येईल बहुधा. तुम्ही व्यायाम किती करता त्यावर आहे."

दुसरा प्रश्न, "दोन्ही पाय सारखे होतील?"

"करायचा प्रयत्न करीन. पण हाड म्हणजे फरशी नाही, काका. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं."

"दोन-तीन!" एका मिलिमीटरसाठी मिस्त्रींनी माणसं कामावरून काढली होती. ते उठले आणि घरी आले. दोन महिने ऑपरेशनचं नाव काढू दिलं नाही. काम गेलं तर गेलं, पण कायमचं वाकडं होऊन बसायचं, तेही दुसऱ्याच्या हाताने, हे त्यांना पटेना. शेवटी हे कोडं सोडवलं बायकोने, तेही त्यांच्या पायाची नखं कापताना. सहा महिने हे काम तिच्याकडेच होतं. नखं कापता कापता मान वर न करता म्हणाली, "ज्याला स्वतःचा अंगठा गाठता येत नाही, त्याने मिलिमीटरच्या गोष्टी करू नयेत." दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तारीख घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरला घेरलं. "आत जे बसवणार ते सिमेंटने का?"

"तुम्हाला बिनसिमेंटचं. घट्ट ठोकून बसवायचं. हाड आपणच त्याला धरतं."

"मग पाणी मारायला नको?"

"नको. चालायला हवं."

भूल कमरेखालचीच दिली होती. मधे हिरवा पडदा, अलीकडे मिस्त्रींचं डोकं, पलीकडे मिस्त्रींचा खुबा. गुंगीचं औषध दिलं होतं, पण मिस्त्री गुंगले नाहीत. पलीकडे हातोडा सुरू झाला. टक, टक, टक. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा खाली सरकत होता. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मिस्त्री कान देऊन ऐकत होते, कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. फरशीखाली माल नीट पसरला नसेल तर ती बद्द वाजते, आणि नीट बसली की आवाज बदलतो, भरीव होतो. टक, टक, टण्.

"बसलं," पडद्याअलीकडून मिस्त्री म्हणाले.

पलीकडे हातोडा थांबला. मग डॉक्टर हसली. "बसलंच, काका. मीही त्याच आवाजाची वाट बघत होते."

हा किस्सा तिथल्या नर्सने माझ्या सुनेला सांगितला, म्हणून तुमच्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन त्यांना उभं केलं. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणायची, "समोर बघा, आजोबा." मिस्त्री खाली बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी वॉकरचा पाय आपटून दवाखान्याच्या बोळातल्या अकरा फरशा पोकळ आहेत असं सांगितलं, खडू मागितला आणि अकराही फरशांवर फुल्या मारून घेतल्या. रात्री दोन्ही पायांमधे उशी, खुर्चीवर उंच गादी, पायावर पाय टाकायचा नाही, हे सगळं त्यांनी निमूट पाळलं. बायको म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा हे माझं ऐकतायत. कारण मी सांगत नाहीये, डॉक्टर सांगतेय."

दुखणं गेलं होतं. गुडघा गप्प झाला होता, तेलाशिवाय. पण दोन आठवड्यांनी मिस्त्री डॉक्टरसमोर उभे राहिले ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने.

"उजवा लांब केलात! आता फरशी डावीकडे उतरतेय."

डॉक्टरने त्यांना झोपवलं, टेप लावली, फोटो दाखवला. दोन्ही पाय सारखे. म्हणाली, "सहा वर्षं तुमची कंबर तिरकी चालली. स्नायूंना तीच सवय झालीय. त्यांना सरळ वाटायला तीन-चार महिने जातील. टाचेखाली पट्टी घालू नका, आणि घरातल्या फरशा उखडू नका."

"आणि नाहीच वाटलं तर?"

"तर मी खोटी ठरेन," डॉक्टर म्हणाली. "पण आधी व्यायाम."

ते तीन महिने मिस्त्रींच्या घरचे सांगू नयेत. सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाठ लावून उभे, पाय बाजूला उचलताहेत, बायको मोजतेय, मुद्दाम एक आकडा गाळतेय आणि ते चिडताहेत. रोज रात्री एकच प्रश्न, "अगं, इकडे उतार वाटतो का गं?" आणि रोज एकच उत्तर, "तुमच्या डोक्याला असेल."

पाचव्या महिन्यात ते एका सकाळी घरातून निघाले. काठी होती, पण टेकत नव्हते. बायको मागे. थेट शिवणाच्या बाईंच्या दारात. पॉलिशवाला मेहुणा वास आल्यासारखा हजर झाला, मी खिडकी धरली. मिस्त्री म्हणाले, "बाई, तुमच्या फरशीची परीक्षा राहिलीय. खुर्च्या बाहेर काढाल?"

बाईंनी खुर्च्या काढल्या. मशीनसुद्धा काढली.

मिस्त्रींनी काठी भिंतीला टेकवली. चपला काढल्या. डोळे मिटले. बायकोने पदर तोंडात धरला होता. मिस्त्री चालायला लागले. मध्यावर आले. थांबले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, भिंतीला हात लागला, वळले, परत आले. पुन्हा एकदा गेले. परत आले. डोळे उघडले.

"पास."

बाईंनी नाक पुसलं. मिस्त्रींनी एक खुर्ची मागून घेतली, तिच्यावर हात टेकवला, बाईंनी सरकवलेल्या उशीवर उजवा गुडघा हळूच टेकला, आणि दोन फरशांच्या मधल्या रेघेवरून बोट फिरवलं.

पॉलिशवाल्याला कुठे धीर निघतोय! "भाऊजी, डबा इथेच होता ना?"

मिस्त्रींनी गुडघ्यावरूनच त्याच्याकडे बघितलं. "डबा नव्हता रे."

"पण तुम्हीच मला सांगितलंत! दुसऱ्यांदा उखडलीत त्या दिवशी. कोणाला सांगू नकोस म्हणालात."

"म्हणूनच तुला सांगितलं."

बाई दाराबाहेरच्या खुर्चीवर बसल्या. "म्हणजे लोक मला येऊन सोन्याचं विचारत होते, तो सराफाचा पुतण्या माझा चहा पिऊन गेला, ते सगळं तुमच्यामुळे? चोर म्हणवून घेतलंत, मिस्त्री?"

"बाई, चोराकडून लोक समोर बसून काम करून घेतात," मिस्त्री म्हणाले. "वाकडी फरशी घालणाऱ्याला काम देतच नाहीत."

त्यांनी खुर्ची धरली आणि आपले आपण उठून उभे राहिले. कोणी हात दिला नाही. कोणी दिला असता तर त्यांनी घेतलाही नसता.

तर खरं असं आहे. सराफाच्या घराखाली सोनं कधीच नव्हतं. फरशीखाली वाळू होती. पहिल्यांदा घातलेली फरशी सपाटच होती. मिस्त्रींचा उजवा पाय पाऊण इंच आखूड झाला होता. आणि डब्याची गोष्ट मिस्त्रींनी स्वतः रचून मेहुण्याच्या कानात घातली होती.